लॉगिंग सेवेची मेमरी वाढत जाते तेव्हा: रीस्टार्टच्या आधी करायची तपासणी

नवतपा संपत आला की नागपूर परिसरात संध्याकाळची वादळे सुरू होतात. अशाच एका रात्रीनंतर सकाळी सात वाजता बुटीबोरीच्या एका कारखान्यातील रात्रपाळीच्या ऑपरेटरचा मला फोन आला. ‘सर, काल रात्री पाणी आला, लाइन गेली होती. आता इथलं सगळं सुरू आहे, पण तो लॉगवाला प्रोसेस मेमरी खातच चालला. रीस्टार्ट मारू का?’ मी म्हणालो, ‘भाऊ, दहा मिनिटे थांबा. आधी काही आकडे लिहून घेऊ, मग मारा.’ कारण सापडले ते त्या दहा मिनिटांत घेतलेल्या आकड्यांमुळेच. रीस्टार्ट आधी केला असता तर मेमरी खाली आली असती, प्रश्न सुटल्यासारखा वाटला असता आणि पुढच्या वादळानंतर तोच फोन पुन्हा आला असता.

या लेखात मी सिस्टिमडी-जर्नलडी आणि आरसिसलॉग या दोन सेवा धरून चाललो आहे, कारण अनेक लिनक्स सर्व्हरवर या दोन्ही सोबत चालतात: पहिली स्थानिक नोंदी गोळा करते आणि दुसरी त्या फाइलींत लिहिते किंवा दूरच्या केंद्रीय सर्व्हरकडे पाठवते. आज्ञा, फाइली आणि सेटिंग यांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती मूळ स्पेलिंगनेच टाइप करावी लागतील.

लॉगिंग सेवेबाबत ‘मेमरी लीक’ (गळती, म्हणजे घेतलेली मेमरी काम संपल्यावरही न सोडणे) हा शब्द फार लवकर उच्चारला जातो, असे माझे ठाम मत आहे. ‘मेमरी वाढली’ या एका तक्रारीमागे अगदी वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. प्रोसेसने फाइल मेमरीत जोडून घेतलेली असते, कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) फाइलींची पाने, म्हणजे मेमरीतील ठराविक आकाराचे तुकडे, त्या सेवेच्या खात्यावर मांडलेली असतात, पुढे जाऊ न शकलेल्या नोंदींची रांग तुंबलेली असते, किंवा मोकळी झालेली मेमरी सी लायब्ररीने स्वतःजवळ ठेवलेली असते. खरी गळती ही या सगळ्यांनंतरची शेवटची शक्यता आहे आणि तिचा तपास सर्वांत महाग पडतो. म्हणून स्वस्त तपासण्या आधी कराव्यात.

पुरावा आधी गोळा करा

प्रोसेस संपली की तिच्याबद्दलची ‘/प्रॉक’ खालील सगळी माहिती नाहीशी होते. त्यामुळे रीस्टार्टच्या आधी एका डिरेक्टरीत पुढील गोष्टी जतन कराव्यात: त्या प्रोसेसच्या ‘स्टेटस’ आणि ‘एसमॅप्स_रोलअप’ या फाइलींची प्रत, ‘एफडी’ डिरेक्टरीतील उघड्या फाइलींची यादी, त्या सेवेच्या सीग्रुपमधील (कर्नल ज्याचा एकत्र हिशेब ठेवतो त्या प्रोसेसच्या गटातील) ‘मेमरी.करंट’ व ‘मेमरी.स्टॅट’, सेवेची नेमकी पॅकेज आवृत्ती, आणि प्रोसेस केव्हापासून चालू आहे ती वेळ. ‘एसमॅप्स_रोलअप’ ही फाइल लिनक्स ४.१४ पासून मिळते. त्याहून जुन्या कर्नलवर पूर्ण ‘एसमॅप्स’ची प्रत घ्यावी लागेल.

हेच आकडे दर पाच मिनिटांनी घेणारी छोटी स्क्रिप्ट लिहून ती टायमरवर लावून ठेवावी. तिचे आउटपुट ज्या लॉगिंग सेवेची तपासणी चालू आहे तिच्यामार्फत मात्र पाठवू नये. ते थेट साध्या फाइलीत जोडत जावे. नाहीतर आपले मोजमापच त्या सेवेच्या रांगेत जाऊन बसते, आणि सेवा अडकली की नेमक्या हव्या त्या वेळचे आकडे मिळत नाहीत.

आणखी एक सूचना, जी मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला आवर्जून देतो. चालू सर्व्हरवर जर्नलडीला जीडीबी (चालू प्रोग्राम थांबवून त्याच्या आत पाहण्याचे साधन) जोडून थांबवू नये. सेवांचे मानक आउटपुट आणि सिसलॉगच्या नोंदी ज्या सॉकेटवर येतात, ते सॉकेट जर्नलडी वाचत असते. ती थांबली की सॉकेटचा बफर भरतो आणि नोंद लिहू पाहणारा प्रत्येक प्रोग्राम तिथेच अडकतो. त्यात आपले लॉगिन सांभाळणारी एसएसएच सेवासुद्धा आली. शिवाय जर्नलडीच्या युनिट फाइलीत (सेवेच्या सेटिंगच्या फाइलीत) साधारणपणे तीन मिनिटांचा वॉचडॉग असतो. तेवढ्या वेळात तिचा प्रतिसाद आला नाही तर सेवा सुरू-बंद करणारी सिस्टिमडी तिला स्वतःच मारून टाकते, आणि आपण ज्या स्थितीची तपासणी करणार होतो ती स्थितीच उरत नाही. चालू प्रोसेसची कोअर प्रत (तिच्या मेमरीची फाइलीतील नक्कल) घेतानाही ती काही काळ थांबतेच, हे ध्यानात ठेवावे.

आकडा नेमका कशाचा आहे

‘टॉप’ किंवा ‘पीएस’ जो आरएसएस (प्रोसेसची प्रत्यक्ष रॅममधील मेमरी) दाखवतात, त्यात तीन प्रकारची मेमरी एकत्र मोजलेली असते. लिनक्स ४.५ पासून ‘स्टेटस’ फाइलीत त्यांची फोड मिळते. ‘आरएसएस-अ‍ॅनन’ म्हणजे प्रोग्रामने स्वतःसाठी मागून घेतलेली मेमरी, ज्यात हीप आणि स्टॅक येतात. ‘आरएसएस-फाइल’ म्हणजे डिस्कवरील फाइलींची जोडून घेतलेली पाने. ‘आरएसएस-एसएचमेम’ म्हणजे सामाईक मेमरी आणि टीएमपीएफएसवरील (रॅममध्येच राहणाऱ्या फाइल सिस्टीमवरील) फाइलींची पाने. निदानाच्या पुढच्या वाटा येथेच फुटतात, म्हणून या तीन आकड्यांकडे न पाहता पुढे जाऊ नये.

जर्नलडी आपल्या जर्नल फाइली एमएमॅपने जोडून घेऊन त्यांत लिहिते. त्यामुळे तिचा आरएसएस शंभर-दोनशे मेगाबाइट दिसला तरी त्यातला मोठा भाग ‘आरएसएस-फाइल’चा असू शकतो. कर्नलला मेमरीची निकड भासली की ही पाने तो डिस्कवर लिहून सोडून देऊ शकतो. कोणी ‘जर्नलडीने दोनशे मेगाबाइट खाल्ले’ असे सांगितले तर माझा पहिला प्रश्न हाच असतो की त्यात ‘अ‍ॅनन’ किती. तो आकडा दहा-बारा मेगाबाइटवर स्थिर असेल तर गळती शोधण्यात दिवस घालवू नये.

‘अ‍ॅनन’ पाहताना त्यात ‘व्हीएम-स्वॅप’ (रॅममधून डिस्कवर हलवलेली मेमरी) मिळवावा. स्वॅप चालू असलेल्या मशीनवर हीपची न वापरलेली पाने हळूहळू स्वॅपमध्ये जातात. मग आरएसएस उतरताना दिसतो आणि वाढ थांबली असा समज होतो, पण दोन्हींची बेरीज चढतच असते. खऱ्या गळतीत हा घोळ हमखास होतो, कारण गळालेल्या मेमरीकडे प्रोग्राम परत कधी फिरकतच नाही आणि स्वॅपमध्ये जायला तीच पाने सर्वांत योग्य ठरतात.

‘सिस्टिमसीटीएल स्टेटस’मध्ये ‘मेमरी’ म्हणून जो आकडा येतो, तो प्रोसेसचा नसून सीग्रुपचा असतो. त्या सेवेने वाचलेल्या-लिहिलेल्या फाइलींचा पेज कॅश (कर्नलने मेमरीत ठेवलेली प्रत), टीएमपीएफएसची पाने, सॉकेटचे बफर आणि कर्नलच्या स्लॅबमधील (त्याच्या स्वतःच्या लहान नोंदींच्या मेमरीतील) वस्तूही त्यात धरलेल्या असतात. दिवसभर फाइलींत लिहिणाऱ्या सेवेच्या बाबतीत हा आकडा जवळजवळ नेहमीच फुगलेला दिसतो. ‘मेमरी.स्टॅट’ उघडून ‘अ‍ॅनन’, ‘फाइल’, ‘एसएचमेम’, ‘सॉक’ आणि ‘स्लॅब_रीक्लेमेबल’ या ओळी वेगवेगळ्या पाहाव्यात. आरसिसलॉग प्रत्येक क्लायंटसाठी, प्रत्येक दिवसासाठी वेगळी फाइल तयार करत असेल तर हजारो फाइलींच्या डेंट्री व आयनोड (फाइलीचे नाव व माहिती यांच्या कर्नलमधील नोंदी) यांच्यामुळे स्लॅबचा आकडा चढत जातो, आणि प्रोग्रामच्या हीपमध्ये मात्र काहीच घडलेले नसते.

कर्नल ५.१९ किंवा त्यापुढचा असेल तर येथे एक सोपी चाचणी करता येते. सीग्रुपच्या ‘मेमरी.रीक्लेम’ फाइलीत उदाहरणार्थ ‘१००एम’ लिहिले की कर्नल त्या एका गटातून तेवढी मेमरी परत मिळवण्याचा प्रयत्न करतो. आकडा खाली आला आणि ‘मेमरी.स्टॅट’मध्ये घट ‘फाइल’च्या ओळीत दिसली, तर ती वाढ कॅशची होती. संपूर्ण मशीनचे कॅश रिकामे करणारी ‘ड्रॉप_कॅशेस’ची युक्ती चालू डेटाबेस असलेल्या सर्व्हरवर करू नये; तपासणी एका सेवेची चाललेली असते आणि फटका सगळ्यांना बसतो.

वाढीची चाल

एका क्षणाच्या आकड्यावरून निदान होत नाही. ‘अ‍ॅनन’ अधिक स्वॅप यांचा निदान दोन-तीन दिवसांचा आलेख काढावा आणि त्याच्या शेजारी त्याच काळात सेकंदाला किती नोंदी आल्या याचा आलेख ठेवावा.

सुरुवातीच्या काही तासांत चढून मग सपाट होणारी रेषा बहुधा कॅश भरल्याची असते. एकाएकी पायरीसारखी चढून तिथेच थांबणारी रेषा एखाद्या घटनेकडे बोट दाखवते: नोंदींचा पूर, लाइन तुटणे, कॉन्फिगरेशन पुन्हा वाचले जाणे. नोंदींच्या संख्येशी प्रमाण राखून, रात्री मंद आणि दिवसा जलद, पण कधीच खाली न येता चढणारी रेषा ही गळतीची खूण आहे. आणि नोंदी येवोत न येवोत, घड्याळाच्या गतीने एकसारखी चढणारी रेषा एखाद्या नियतकालिक कामाकडे नेते.

आरसिसलॉगच्या आकडेवारीतील ‘मॅक्स-आरएसएस’ आणि ‘स्टेटस’मधील ‘व्हीएम-एचडब्ल्यूएम’ हे दोन्ही प्रोसेसच्या आयुष्यातील कमाल पातळी दाखवतात. त्यांचा आलेख कधीच खाली येत नाही, म्हणून त्यांवरून गळती ठरवू नये. मी पाहिलेल्या दोन ‘गळत्या’ केवळ या आकड्याचा आलेख काढल्यामुळे निर्माण झाल्या होत्या.

जर्नलडीच्या बाजूने

पहिली तपासणी नोंदी कुठे साठतात याची. ‘स्टोरेज’ची किंमत ‘ऑटो’ असेल आणि ‘/व्हार/लॉग/जर्नल’ ही डिरेक्टरी अस्तित्वातच नसेल, तर जर्नल ‘/रन/लॉग/जर्नल’मध्ये राहते. ‘/रन’ हे टीएमपीएफएस आहे, म्हणजे प्रत्येक नोंद प्रत्यक्ष रॅममध्ये साठते आणि त्यातली पाने डिस्कवर लिहून मोकळी करता येत नाहीत. फार तर ती स्वॅपमध्ये जातात. अशा वेळी ‘एसएचमेम’ची ओळ चढते. हा दोष नाही, निवड आहे, पण अनेकदा ती कोणी जाणून केलेली नसते. डिरेक्टरी तयार करून ‘जर्नलसीटीएल --फ्लश’ चालवावे, किंवा ‘रनटाइम-मॅक्स-यूज’ला स्पष्ट मर्यादा घालावी. मर्यादा न घातल्यास जर्नल आपल्या फाइल सिस्टीमच्या १० टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ४ जीबीपर्यंत वाढू शकते. पतसंस्था, शाळा अशा ठिकाणच्या कमी रॅमच्या मशीनवर हे एकच सेटिंग तपासून निम्म्या तक्रारी निकालात निघालेल्या मी पाहिल्या आहेत.

नोंदी डिस्कवर जात असतील आणि ‘आरएसएस-फाइल’ मोठा असेल, तर ‘जर्नलसीटीएल --रोटेट’ चालवून पुन्हा मोजावे. जुनी फाइल बंद होऊन नवी उघडते आणि जोडलेली पाने बऱ्याच अंशी सुटतात. आकडा लक्षणीय उतरला तर तेवढ्यावर थांबायला हरकत नाही.

‘अ‍ॅनन’ वाढत असेल तर नोंदी पाठवणाऱ्यांकडे पाहावे. प्रत्येक चालू सेवेचे मानक आउटपुट हे जर्नलडीकडे एक उघडे जोडणीसूत्र असते, आणि नवी ओळ पूर्ण होईपर्यंतचा मजकूर तिला मेमरीत धरून ठेवावा लागतो. एका ओळीची मर्यादा न बदलल्यास ४८ किलोबाइट असते. शिवाय नोंदी पाठवणाऱ्या प्रत्येक प्रोसेसची माहिती, म्हणजे तिचे नाव, आज्ञा-ओळ, सीग्रुप वगैरे, ती काही काळ स्वतःजवळ ठेवते. दर सेकंदाला नवी प्रोसेस जन्माला घालून एक ओळ लिहून मरणारी शेल स्क्रिप्ट ही साठवण भरत राहते. उघड्या फाइलींची संख्या मेमरीच्या सोबतीने चढते आहे का, हे ‘एफडी’ची यादी मोजून लगेच कळते.

जर्नलडीत खरी गळती झाल्याचे एक चांगले नोंदलेले उदाहरण आहे आणि त्यातून निदानाची पद्धत शिकण्यासारखी आहे. क्वालिस या संस्थेने जानेवारी २०१९ मध्ये जर्नलडीतील काही सुरक्षा-दोष जाहीर केले. त्यांपैकी सीव्हीई-२०१८-१६८६४ (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-दोषांना दिला जाणारा सार्वजनिक क्रमांक) या दोषाची दुरुस्ती रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ वरील २१९ या जुन्या आवृत्तीत आणताना एक चूक राहिली: प्रत्येक नोंदीसोबत पाठवणाऱ्या प्रोसेसची आज्ञा-ओळ साठवण्यासाठी घेतलेली मेमरी मोकळीच केली जात नव्हती. तिला सीव्हीई-२०१९-३८१५ हा क्रमांक मिळाला आणि पुढच्या अद्ययावत पॅकेजमध्ये ती दुरुस्त झाली.

या चुकीची चाल कशी दिसेल ते हिशेबाने पाहा. समजा एखादी जावा सेवा सेकंदाला ५० नोंदी लिहिते आणि तिची आज्ञा-ओळ २ किलोबाइटची आहे. मग सेकंदाला १०० किलोबाइट, म्हणजे तासाला सुमारे ३६० मेगाबाइट गळतील. त्याच मशीनवर तेवढ्याच नोंदी ५० अक्षरांच्या आज्ञा-ओळीच्या प्रोग्रामने लिहिल्या तर तासाला फक्त ९ मेगाबाइट गळतील. नोंदींची संख्या तीच असताना कोणाच्या नोंदी आहेत यावरून वाढीचा वेग बदलतो. असे प्रमाण ज्याला आलेखावरून दिसेल त्याला कोडची एक ओळ न वाचताही गळती कोणत्या भागात आहे याचा अंदाज येईल. म्हणूनच वाढ मोजताना ती नुसती तासामागे न मांडता नोंदीमागे किती बाइट, अशी मांडावी. भागाकार करून जो आकडा येतो तो फार बोलका असतो.

आरसिसलॉगच्या बाजूने: रांग

आता बुटीबोरीकडे वळू. तेथील सर्व्हर आपल्या नोंदी नागपुरातील कार्यालयाच्या केंद्रीय सर्व्हरकडे टीसीपीने पाठवत होता. रात्रीच्या वादळात कार्यालयाकडची वीज गेली, यूपीएस संपला आणि केंद्रीय सर्व्हर बंद पडला. कारखाना जनरेटरवर चालूच राहिला. फॉरवर्ड करणाऱ्या कृतीला लिंक्ड-लिस्ट प्रकारची रांग दिलेली होती, पुन्हा प्रयत्न करण्याची संख्या उणे एक, म्हणजे अमर्याद होती, आणि ‘क्यू.फाइलनेम’ दिलेलेच नव्हते. फाइलचे नाव नसेल तर रांग डिस्कवर उतरू शकत नाही, सगळी मेमरीतच राहते. शिवाय पूर्वी कोणीतरी ‘नोंदी गळू नयेत’ या चांगल्या हेतूने रांगेची मर्यादा कैक लाख नोंदींपर्यंत वाढवून ठेवली होती.

येथेही हिशेब करून पाहावा. सेकंदाला २०० नोंदी आणि प्रत्येकी साधारण १ किलोबाइट धरले तर एका तासात ७,२०,००० नोंदी, म्हणजे सुमारे ७०० मेगाबाइट होतात. मेमरीत प्रत्येक नोंदीसोबत तिची रचनाही येते, त्यामुळे प्रत्यक्ष भार याहून जास्तच पडतो. रांगेची मर्यादा एक लाख नोंदींची असती तर ती ५०० सेकंदांत, म्हणजे साडेआठ मिनिटांच्या आत भरली असती आणि रेषा सपाट झाली असती. मर्यादा मोठी असल्यामुळे ती रात्रभर चढत राहिली.

रांगेचा संशय दूर करण्यासाठी किंवा पक्का करण्यासाठी ‘इम्पस्टॅट्स’ हे मॉड्यूल चालू करावे. न बदलल्यास दर पाच मिनिटांनी ते प्रत्येक रांगेचा सध्याचा आकार, आत आलेल्या नोंदी, रांग किती वेळा भरली, किती नोंदी टाकून दिल्या आणि आजवरचा कमाल आकार हे आकडे देते. त्याचे आउटपुट वेगळ्या फाइलीत वळवावे आणि ते नेहमीच्या सिसलॉग प्रवाहात जाणे बंद करावे. कारण वर सांगितलेच आहे. ‘साइझ’चा आकडा आणि ‘अ‍ॅनन’चा आकडा एकाच चालीने चढत असतील तर निदान झाले. ‘साइझ’ शून्याच्या आसपास असून ‘अ‍ॅनन’ चढत असेल तर पुढे जावे. हे मॉड्यूल आधीपासून चालू नसेल तर ते चालू करण्यासाठी सेवा रीस्टार्ट करावीच लागते. म्हणून माझ्या देखरेखीखालच्या प्रत्येक सर्व्हरवर मी ते पहिल्या दिवसापासून चालू ठेवतो. बुटीबोरीतही ते होते. दहा मिनिटांत काम झाले ते त्यामुळेच.

केंद्रीय सर्व्हरवर याच घटनेची उलटी बाजू दिसते. दूरचे क्लायंट वीज जाऊन अचानक बंद पडले की जोडणी संपल्याचा निरोप सर्व्हरला मिळत नाही. टीसीपी इनपुट मॉड्यूलमध्ये ‘कीप-अलाइव्ह’ मुळात बंद असते, त्यामुळे मेलेल्या क्लायंटांची सत्रे उघडीच राहतात. सत्रांची कमाल संख्या न बदलल्यास २०० असते, म्हणून मेमरी फार चढत नाही, पण ही मर्यादा कोणी हजारांत नेऊन ठेवली असेल तर उघड्या फाइलींची संख्या प्रत्येक भारनियमनानंतर एक पायरी चढलेली दिसते. ‘एसएस’ आज्ञेने जोडण्यांची यादी काढून त्यातले किती क्लायंट खरोखर जिवंत आहेत ते ताडून पाहावे. ‘कीप-अलाइव्ह’ चालू केले की हा प्रश्न मिटतो.

मोकळी झाली, पण परत दिली नाही

दुपारी कार्यालयाकडची वीज आली, केंद्रीय सर्व्हर उठला, आणि पाऊण तासात बुटीबोरीची रांग रिकामी झाली. ‘साइझ’ शून्यावर आला. प्रोसेसची मेमरी मात्र जेमतेम उतरली. येथे कोणालाही ‘म्हणजे गळती आहेच’ असे म्हणावेसे वाटेल, आणि माझ्या सहकाऱ्याने तसे म्हटलेही.

कारण जीलिबसीच्या (लिनक्सवरील नेहमीच्या सी लायब्ररीच्या) मेमरी वाटपात आहे. ६४ बिटच्या मशीनवर बहुसूत्री (मल्टिथ्रेडेड) प्रोग्रामसाठी ती सीपीयू कोअरच्या आठपट संख्येपर्यंत वेगवेगळे ‘अरीना’ (मेमरीचे स्वतंत्र साठे) तयार करू शकते. आरसिसलॉगमध्ये नोंद घेणारे सूत्र (थ्रेड) वेगळे आणि ती पुढे पाठवून मेमरी मोकळी करणारे सूत्र वेगळे असते. लहान लहान तुकडे मोकळे होतात, पण त्यांच्यामध्ये एखादा दीर्घायुषी तुकडा अडकून बसला की आजूबाजूची पाने कर्नलला परत करता येत नाहीत. ही मेमरी हरवलेली नसते. पुढच्या वेळी गरज पडली की प्रोग्राम तीच वापरतो.

या दोहोंमधला फरक ओळखण्याची खात्रीची रीत म्हणजे दुसरे शिखर पाहणे. रांग पुन्हा तेवढीच भरू द्यावी आणि रिकामी होऊ द्यावी. दुसऱ्या वेळी कमाल पातळी पहिल्याइतकीच राहिली तर ती साठवून ठेवलेली मेमरी आहे. प्रत्येक फेरीत तळ आणि शिखर दोन्ही वर सरकत असतील तर ती गळती आहे. आम्हाला दुसऱ्या वादळासाठी चार दिवस थांबावे लागले आणि शिखर पहिल्याच्या वर गेले नाही.

यावर उपाय करायचाच असेल तर सेवेच्या ड्रॉप-इन फाइलीत (युनिट फाइलीला जोडलेल्या जादा सेटिंगच्या फाइलीत) ‘मॅलॉक_अरीना_मॅक्स’ हा पर्यावरणीय चल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) २ वर ठेवून काही दिवस तुलना करावी. जर्नलडीच्या बाबतीत याचा विशेष उपयोग होत नाही, कारण तिचे मुख्य काम एकाच सूत्रात चालते. चालू प्रोसेसमध्ये जीडीबीने ‘मॅलॉक_ट्रिम’ला (मोकळी मेमरी कर्नलला परत देणाऱ्या फंक्शनला) हाक मारण्याचा सल्ला काही जण देतात. प्रोसेस नेमकी मेमरी वाटपाच्या आतच थांबलेली असेल तर ती त्या कुलपात कायमची अडकू शकते, म्हणून हा प्रयोग चाचणीच्या मशीनपुरताच ठेवावा.

उरली ती खरी गळती

रांग रिकामी आहे, फाइलींची पाने वजा केली आहेत, दुसरे शिखर पहिल्याहून उंच गेले आहे, आणि नोंदीमागे काही बाइट सातत्याने वाढत आहेत, एवढे सिद्ध झाले की मगच पुढची साधने काढावीत.

सर्वांत आधी आवृत्ती पाहावी. वितरकाच्या पॅकेजच्या बदलांच्या नोंदींत ‘मेमरी लीक’ शोधून आपल्या आवृत्तीनंतर काही दुरुस्त झाले आहे का, ते तपासावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण अर्ध्या तासाच्या वाचनाने तीन दिवसांचा तपास वाचू शकतो.

चालू सर्व्हरवर बीसीसी या कर्नलमार्फत प्रोग्रामवर नजर ठेवणाऱ्या साधनांच्या संचातील ‘मेमलीक’ हे साधन त्यातल्या त्यात सौम्य आहे. डेबियन आणि उबुंटूवर त्याचे नाव ‘मेमलीक-बीपीएफसीसी’ असे आहे. ते मेमरी घेण्या-सोडण्याच्या प्रत्येक हाकेवर नजर ठेवते आणि न सोडलेले तुकडे कोणत्या हाकेच्या साखळीतून घेतले गेले ते दाखवते. त्याला जोडल्याच्या आधीचे काहीच दिसत नाही, म्हणून ते वाढ चालू असतानाच लावावे. नुकतेच घेतलेले आणि लवकरच सुटणारे तुकडे वगळण्यासाठी किमान वयाची अट दहा मिनिटांइतकी मोठी ठेवावी, नाहीतर रांगेतून सहज पुढे जाणाऱ्या नोंदीही संशयितांच्या यादीत येतात. डीबग चिन्हांचे (फंक्शनची नावे पुरवणारे) पॅकेज बसवलेले नसेल तर साखळीत नुसते पत्ते दिसतील. आणि प्रत्येक वाटपावर नजर ठेवण्याचा भार पडतोच, त्यामुळे सोमवारी सकाळच्या गर्दीत हा प्रयोग करू नये.

चाचणीच्या मशीनवर व्हॅलग्राइंड (प्रोग्राम आपल्या देखरेखीखाली चालवून न सोडलेली मेमरी दाखवणारा साधनसंच) वापरावे. आरसिसलॉग ‘-एन’ पर्यायाने अग्रभागी चालवावा, लॉगर आज्ञेने ठराविक संख्येच्या नोंदी सोडाव्यात आणि शेवटी सिगटर्मने (बंद होण्याच्या संकेताने) तो नीट बंद करावा. प्रयोग एकदा दहा हजार आणि एकदा वीस हजार नोंदींचा करावा; गळालेले बाइट दुप्पट झाले तर गळती नोंदीमागची आहे, तेवढेच राहिले तर ती सुरुवातीला एकदाच होणारी आणि निरुपद्रवी आहे. आरसिसलॉगची मॉड्यूल बंद होताना मेमरीतून निघून जातात, त्यामुळे अहवालात फंक्शनच्या नावाऐवजी प्रश्नचिन्हे दिसतात, व्हॅलग्राइंड ३.१४ पासून मिळणारा ‘कीप-डीबगइन्फो’ हा पर्याय चालू ठेवला की नावे दिसू लागतात. ‘अजून पोहोचण्याजोगी’ या वर्गातील मेमरीकडेही दुर्लक्ष करू नये. कधीच रिकामे न होणारे कॅश तांत्रिकदृष्ट्या गळती ठरत नाही, पण सर्व्हर तेवढाच संपतो. अशा वाढीसाठी त्याच संचातील ‘मॅसिफ’ जास्त उपयोगी पडते, कारण ते काळाच्या ओघात हीप कोणी किती व्यापला ते दाखवते.

कुंपण घालताना

मर्यादा घालणे हा निदानाचा पर्याय नव्हे, पण निदान होईपर्यंत मशीन वाचवण्यासाठी ती लागते. ‘मेमरी-मॅक्स’ ओलांडला की सेवा मारली जाते, आणि आरसिसलॉगच्या मेमरीतील रांग तिच्यासोबत जाते. ‘मेमरी-हाय’ सेवेला मारत नाही, तिचा वेग कमी करते. पण लॉगिंग सेवा मंदावली की तिच्याकडे लिहिणारे प्रोग्रामही मंदावतात. म्हणून ‘मेमरी-हाय’ नेहमीच्या शिखराच्या बराच वर ठेवावा आणि तो ओलांडला गेला की सूचना मिळेल अशी व्यवस्था करावी. मेमरीतील रांग लहान करतानाही हाच विचार हवा: रांग भरल्यावर नवी नोंद आत घेण्यासाठी आरसिसलॉग न बदलल्यास दोन सेकंद थांबतो, आणि प्रत्येक नोंदीमागे दोन सेकंद म्हणजे मागे सगळे तुंबणे होय.

बुटीबोरीत आम्ही रांगेला फाइलचे नाव दिले, डिस्कवरील जागेची कमाल मर्यादा ठरवली, बंद होताना रांग जतन करण्याचा पर्याय चालू केला आणि मेमरीतील मर्यादा खाली आणली. मग एका रविवारी दुपारी, ऑपरेटर भाऊंना शेजारी बसवून, केंद्रीय सर्व्हरकडे जाणारी केबल स्वतःच्या हाताने काढली. ‘साइझ’ चढला, एका पातळीवर ‘अ‍ॅनन’ थांबला आणि स्पूल डिरेक्टरीत (रांग डिस्कवर उतरते त्या जागी) फाइली एकामागून एक तयार होऊ लागल्या. दोन तासांनी केबल परत लावली, त्या फाइली एकेक करून नाहीशा झाल्या, आणि केंद्रीय सर्व्हरवर त्या दोन तासांच्या नोंदींचे अनुक्रमांक आम्ही दोघांनी मिळून शेवटपर्यंत ताडून पाहिले.